घरातली टीं

ढमीच्या बाबाने रविवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं, की आजपासून घरातही टीं घालायची. निर्णय एवढासाच होता. दाढी होईपर्यंत त्याचं धोरण झालं आणि आंघोळ उरकेपर्यंत चळवळ.

टीं घालणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. टीव्हीच्या एका वाहिनीत, खिडकी नसलेल्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून तो दिवसभर सिनेमे ऐकायचा आणि शिवी आली की तिच्यावर टीं बसवायचा. उघडं अंग दिसलं की त्यावर धुकं पसरायचा. त्याची टीं इतकी नेमकी, की शिवीचं शेपूटही बाहेर राहत नसे. (नवशिक्याची टीं पहिल्या अक्षरानंतर वाजते, आणि पुढचं प्रेक्षक मोठ्या आनंदाने स्वतःच पूर्ण करतो.) सिनेमा त्याच्या कानांतून गाळून पुढे जाई, पण गाळ गाळणीतच राही. भाजी निवडताना, बसमध्ये उभा असताना, एकदा तर शेजाऱ्यांच्या सांत्वनाला गेला असताना, एखादा भयंकर शब्द उगीचच त्याच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसला होता. घरात निदान एक कान तरी स्वच्छ राहावा, असं त्याला अगदी आतून वाटे. तो कान सहा वर्षांच्या ढमीचा.

निमित्त झालं ते त्याच्या ऑफिसातल्या साहेबांचं. शनिवारी ते चहाला आले होते. ढमी न्हाणीघरातून निघाली ती ओल्या अंगाने, कपड्यांचा पत्ता नाही, थेट पाहुण्यांपुढे. साहेबांच्या पायाला अडखळली, आणि हातातून स्क्रू निसटला की आजोबा जे म्हणतात, ते स्वच्छ उच्चारांत म्हणाली.

साहेब खो खो हसले. "अरे वा, तुझं तर घरूनही काम चालतं की!"

झालं. रविवारी टीं मोबाइलवर आली.

पहिला बळी आजोबांचा. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. त्यांच्या वाक्यात शिवी म्हणजे स्वल्पविराम. राग नसे, विराम असे.

"या नळाला झालंय तरी काय, टीं—"

"अण्णा, ढमी आहे इथे."

"अरे, मी नळाला बोलतोय, तिला नाही! तुझ्या टीं—"

"अण्णा!"

"आयुष्यभर हॉर्न मी वाजवला," आजोबा पाना खाली टाकत म्हणाले, "आणि आता म्हातारपणी मलाच हॉर्न?" आठवडाभर त्यांनी सोसलं आणि मग पिशवी भरून काकांकडे निघून गेले.

दुसरा बळी भिंतीवरचा. ढमीची आई फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करणारी. तिच्या खोलीत माणसाच्या स्नायूंचं मोठं चित्र होतं. बाबाने त्याच्या कमरेला खाकी कागद चिकटवला.

"अरे, त्या बिचाऱ्याला कातडीसुद्धा नाही," आई म्हणाली, "आणि तू त्याला चड्डी घालतोस?"

"तू हसू नकोस. लहानपण किती छोटं असतं! बाहेर गेली की सगळं पडणारच आहे तिच्या कानांवर."

"पडणारच आहे ना? मग आधी आपल्याकडून कळू दे. शिवी वेगळी, शरीर वेगळं. तू दोघांना एकाच टोपलीखाली झाकतोयस."

"टोपली मोठी असलेली बरी," बाबा म्हणाला. ऐटीत म्हणाला, पण उत्तर आपल्यालाच पटलेलं नाही हे त्याला जाणवलं. मग माणसं जे करतात तेच त्याने केलं. टोपली आणखी मोठी केली. शू, शी, चड्डी, ढुंगण, सगळ्यांवर टीं. ढमीही पटकन शिकली. काही दिवसांनी मोबाइल काढायची गरजच उरली नाही. नको तो शब्द आला की ती स्वतःच थांबून नाजूकपणे "टीं" म्हणे आणि बाबाकडे बघे. बाबाची छाती फुगे.

अशात आई शुक्रवारी दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली.

शनिवारी ढमी उभ्यानेच जेवली. चित्रंही उभ्यानेच काढली. बाबाला वाटलं, काहीतरी खेळ असेल.

"बस की गं, ढमे."

"नको. टीं दुखतंय."

"शहाणी माझी बाय!" बाबाने तिच्या केसांवरून हात फिरवला. कुणीतरी हिला वाईट बोललंय, आणि पोरीने तो शब्द उच्चारलासुद्धा नाही! "कुणी म्हटलं तुला तसं?"

"कुणी नाही. टींला झालंय."

"असू दे. असल्या शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही."

ढमीने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर त्याला काहीतरी समजलं असतं. संध्याकाळी आईचा फोन आला. फोन बाबाच्या हातात, स्पीकर चालू, बाबा शेजारी. "बरी आहेस ना?" आईने विचारलं. ढमीने बाबाकडे बघितलं आणि मान डोलावली. ती मान फोनवर दिसत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी अंग तापलं. बाबाने तिला उचललं तर ती किंचाळली. तेव्हा मात्र तो धावतच दवाखान्यात पोचला.

डॉक्टरीणबाईंचं टेबल आणि बाहेरची माणसं यांच्यामध्ये नुसता पडदा होता.

"कुठे दुखतंय, बाळा?"

"टीं."

डॉक्टरीणबाईंनी कान तपासले. कान ठीक होते.

"टीं म्हणजे?" त्यांनी बाबाला विचारलं.

"तसं बरंच काही असू शकतं," बाबा म्हणाला. खरंच, काहीही असू शकत होतं. अंगाचा अर्धा नकाशा त्याने स्वतःच पुसून ठेवला होता, आणि आता लेक त्या पुसलेल्या भागात कुठेतरी हरवली होती.

"ती बोलायला घाबरतेय, आणि बघतेय तुमच्याकडे." डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला होता. "घरी कुणी रागावतं का हिला?"

"नाही हो! आम्ही फक्त... तिचं रक्षण..."

"मग विचारा तिला. सरळ शब्दांत."

बाबाने तोंड उघडलं. हजारो शिव्या पचवलेला तो माणूस, पण त्याला तो एक साधा, घरगुती शब्द सापडेना. "ढमे, तुझ्या त्या... मागे... म्हणजे आपण जिथे बसतो..."

"खुर्ची?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ढमीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते बघितलं आणि बाबाचा आवाज असा काही फुटला, की पडद्यापलीकडची खोकणारी माणसं खोकायची थांबली.

"ढुंगण! ढमे, ढुंगण दुखतंय का तुझं?"

"हो!" ढमी म्हणाली. "ढुंगण! ढुंगणच दुखतंय, बाबा!"

मैदानातल्या लाकडी फळीचं कुसळ निघालं. बसल्या जागी रुतलं होतं आणि त्याचं टपोरं गळू झालं होतं. "काल आणली असती तर एवढं वाढलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबाने खाली मान घातली. गळू फोडताना ढमीने त्याचा हात पिळून काढला आणि ओरडली, "टीं! टीं! टीं टीं टीं!"

"किती सुसंस्कृत शिव्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाबा मात्र चपापला. त्या प्रत्येक टींची लांबी निराळी होती. पोरीला टींखालचे शब्द अचूक माहीत होते.

घरी ढमी पालथी झोपली. बाबा जमिनीवर बसला आणि त्याने मनापासून सांगितलं: अंगाला लाजायचं नसतं. अंगातल्या कुठल्याही जागेचं नाव वाईट नसतं. शिवी वाईट, कारण ती दुसऱ्याला लागावी म्हणून फेकलेली असते. आणि काही दुखलं तर बाबाला कुठल्याही शब्दात सांगायचं.

ढमीने शांतपणे ऐकून घेतलं.

"हे मला आईने कधीच सांगितलंय."

"मग तू बोलली का नाहीस?"

"आई म्हणाली, बाबा दिवसभर घाण ऐकून दमतो. घरी त्याच्या कानांना त्रास द्यायचा नाही. आजोबापण म्हणाले, त्याला झेपत नाही, त्याच्यासमोर टींच म्हणत जा."

ज्या कानाची तो इतके दिवस राखण करत होता, तो कान उलट त्याच्याच दारात पहारा देत होता, दुखत असतानासुद्धा.

"आता चालेल मला," तो हळूच म्हणाला. "खरंच. सगळं बोलत जा माझ्यासमोर."

ढमीने त्याला नीट निरखलं. एवढ्याशा माणसाला किती सांगावं, असा विचार करणाऱ्या मोठ्या माणसासारखं.

"आज ढुंगणापर्यंतच," ती म्हणाली. "बाकीचे तू जरा मोठा झाल्यावर."