मालकिणीचे मालक

कोणत्याही व्यवसायाला मालक लागतोच. व्यवसाय येणारे माणूस मिळाले तर सोयीचे, पण ती अट नव्हे.

परक्या देशात कुलूप-किल्ल्यांचे दुकान थाटलेल्या एका दांपत्याने हे तत्त्व सतरा वर्षे निष्ठेने पाळले. बाई कुलपे उघडीत. गृहस्थ दुकान उघडीत. किल्ल्या घासणे, अडकलेली कुलपे सोडवणे, दारे बंद करून बाहेर राहिलेल्यांच्या घरी धावणे अशी किरकोळ कामे बाईंकडे होती. 'होऊन जाईल' असे गिऱ्हाइकाला सांगण्याची जोखीम मात्र गृहस्थांनी स्वतःच्या शिरावर घेतली होती. (शंभरांपैकी एकाहत्तर गिऱ्हाइके बाईंच्या हातून किल्ली घेऊन गृहस्थांचे आभार मानीत. उरलेली एकोणतीस आभारच मानीत नसत.)

यंदा परवान्याच्या नूतनीकरणासाठी नवा नियम निघाला: मालकाने निरीक्षकांसमोर बंद कुलूप किल्लीवाचून दहा मिनिटांत उघडावे, अन्यथा दुकान बंद. निरीक्षक आले, सोबत दुभाषी आली. ती आपल्याच भाषेची, परंतु भाषा पुस्तकातून शिकलेली.

"मालक कोण?" तिने विचारले.

नवऱ्याचे नाव जन्मात न घेतलेल्या बाईंनी हनुवटीने खुर्चीकडे खूण केली. "हे काय, आमचे मालक बसलेत ना!"

नोंद झाली. गृहस्थांच्या हाती एक कुलूप व एक तार देण्यात आली. सतरा वर्षांत कुलूप इतक्या जवळून पाहण्याचा योग त्यांना प्रथमच येत होता.

"अहो, तार अलगद फिरवा," बाई पुटपुटल्या.

"मला शिकवू नकोस. सतरा वर्षं बघतोय."

"बघताय हो, पण रस्त्याकडे."

नवव्या मिनिटाला तार आतच तुटली. निरीक्षकांनी लेखणी उचलली, तेव्हा गृहस्थांनी सत्याचा आश्रय घेतला. (अन्य उपाय उरला नव्हता.)

"साहेब, दुकान हिचं आहे. खरी मालकीण हीच."

"मग तुम्ही कोण?"

"मी? मी हिचा मालक!"

दुभाषीने चोख भाषांतर केले. निरीक्षकांनी नियम चाळून निर्णय दिला: मालकिणीवरही मालक असल्यास परीक्षा सर्वांत वरच्या मालकाने द्यावयाची असते, सबब कुलूप पुन्हा गृहस्थांकडे. सुटका एकच, मालकी सोडल्याचे लेखी निवेदन.

"करा सही," बाई म्हणाल्या. "दुकान गेलं तर खायचं काय?"

"आणि लोक काय म्हणतील?"

"इथं आपल्याला ओळखतंय कोण!"

"अगं, पण मला कळेल ना," गृहस्थ कळवळून म्हणाले.

तरी 'मी हिचा मालक नाही' या चार शब्दांखाली त्यांनी सही केली. एरवी अर्धा कागद व्यापणारी ती सही आज मुंगीएवढी उमटली. बाईंनी तुटक्या तारेसकट कुलूप अकरा सेकंदांत उघडले. दुकान वाचले.

निवेदनाचा मसुदा इतका निर्दोष ठरला की परवाना कार्यालयाने त्याच्या कोऱ्या प्रती या कथेच्या वाचकांसाठी विनामूल्य ठेवल्या आहेत. पुरुष वाचकांपैकी अद्याप कोणी तिकडे फिरकलेले नाही. स्त्री वाचक सहा जणी येऊन गेल्या, प्रत नीट वाचून, घडी करून, पुन्हा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यांना विचारून सांगते."