बापूसाहेबांची चिमणी

बापूसाहेबांच्या घरच्या रविवारच्या पंगती माझ्यामुळे मोडल्या. हे मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

बापूसाहेब बालीगंजला आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. जन्म कलकत्त्याचाच. मराठी अगदी स्वच्छ, पण रागावत ते बंगालीत. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. नाद एकच, पक्ष्यांची चित्रं असलेल्या जुन्या इंग्रजी ताटल्या जमवण्याचा. उरलेसुरले गोरे लोक घरं आवरून विलायतेला निघाले होते, त्यांचं सामान लिलावात येई. लोक कपाटं आणि पियानो बघत; बापूसाहेब संचातून सुटलेली एखादी ताटली छातीशी धरून ट्राममधून उभ्याने घरी येत. "बसलो तर मांडीवर ठेवावी लागते. ट्राम हिसके देते, पक्षी घाबरतो."

दर रविवारी दुपारी ते आसपासच्या आम्हा मराठी मंडळींना जेवायला बोलावत आणि माणूस पाहून पक्षी वाटत. वरणभात वाढला की पक्षी झाकला जाई. मग कोणी पानात काही टाकू लागलं की मागून आवाज येई, "पक्षी गुदमरतोय हो, मोकळा करा!" त्या पक्ष्यांपायी आम्ही कारलीसुद्धा संपवली.

आमच्या बँकेतल्या साहेबांना त्यांनी ससाणा दिला होता. मला कायम चिमणी. "निदान तितर तरी द्या," मी एकदा म्हणालो.

"छे हो, तुम्ही चिमणीच."

ते मला लागलं. गणपतीच्या आरतीनंतर चारचौघांत मी बोलून गेलो, "विलायती चिनी मातीत हाडांची राख कालवतात म्हणे. बापूसाहेबांच्या ताटल्यांत काय असेल, देव जाणे!"

पुढच्या रविवारी कोणाला उपास निघाला, कोणाचं पोट बिघडलं. महिनाभरात जिना शांत झाला. माझ्या आईनेही मला वर जायला बंदी केली, आणि माझ्याच थापेपुढे मी मान तुकवली.

थंडीतल्या एका रविवारी त्यांचं वर्तमानपत्र आमच्या दारात पडलं. ते द्यायला दुपारी वर गेलो. टेबलावर सगळ्या ताटल्या पुसून मांडलेल्या होत्या. बापूसाहेब कोपऱ्यात स्टीलच्या थाळीत जेवत होते.

"कोणी आलंच तर असाव्यात," ते ओशाळून म्हणाले. मग उठून त्यांनी चिमणीची ताटली खिडकीच्या उजेडात धरली. "बघा. हाडांची असती तर मागची बोटं दिसली असती. साधी माती आहे हो."

"मग सांगितलं का नाहीत कोणाला?"

"विचारलं कोणी?" ताटलीची कड ते अंगठ्याने पुसत राहिले. "ही आमच्या हिची. ही गेल्यावर कोणाला द्यायचा धीर होईना. मग तुम्ही आलात. अगदी हिच्यासारखे जेवता, खालमानेनं, भात कुस्करून कुस्करून."

मी खाली येऊन आईला सगळं सांगितलं. "ताटलीत नाही ते नाही, तुझ्या जिभेलाही हाड नाही मेल्या," ती म्हणाली. "आता घरोघरी जाऊन हेच सांग."

गेलो. ससाणेवाल्या साहेबांकडेसुद्धा गेलो. पुढच्या रविवारी जिन्यावर चपलांना जागा उरली नाही. आई कठडा धरत वर आली आणि तितराच्या ताटलीसमोर बसली.

मी उभा राहून बोलायला तोंड उघडलं. "आधी पक्षी मोकळा करा," बापूसाहेब म्हणाले.

बसलो. शेवटचं शीत उचललं, चिमणी दिसली.

"बापूसाहेब, ती हाडांची गोष्ट मी उठवली. ससाणा मिळाला नाही म्हणून. माझं चुकलं."