अक्कांचे पेशंट

बेंगळुरात मल्लेश्वरमला भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी दार अर्धंच उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. दशरथाला आत्ताच झोप लागलीय."

दशरथ म्हणजे यजमान असावेत, असं समजून मी चपला हातात घेऊन आत गेलो. चटईवर मानेला चिंधी गुंडाळलेला, वीतभर उंचीचा मातीचा दशरथ निजला होता. शेजारी कैकेयी. तिला काहीच झालेलं दिसत नव्हतं.

"हिला सेवेला ठेवलीय," रुक्मिणीअक्का म्हणाल्या. "सगळं करून नामानिराळी राहते म्हणजे काय?"

मी खोली घेतली.

अक्कांचं घराणं मराठी, पण बेंगळुरात इतक्या पिढ्या मुरलेलं की बोलण्याला कन्नडची फोडणी. नवरात्रात इकडं घरोघर पायऱ्यांसारख्या फळ्या लावून बाहुल्या मांडतात. एरवी त्या पेटीत असतात. पेटीत कुणाचा हात मोडतो, कुणाचा रंग उडतो. असे सगळे अक्कांकडे यायचे. त्यांना 'दुरुस्त करता' म्हटलेलं चालत नसे, 'बरे करता' म्हणावं लागे. पिवळ्या पडलेल्या कृष्णाला कावीळ. पोटाला चीर गेलेल्या वाण्याला अजीर्ण. "स्वल्प पथ्य पाळलं असतं तर ही वेळ आली नसती," असं त्याच्या तोंडावर सांगून मग त्या चीर बुजवायला घेत.

आमच्या घराण्यात कॉलेज बघितलेला मी पहिला. हे मी कुणी न विचारताही सांगतो. बापानं विटा वाहिल्या, मी इंजिनियर झालो. मातीला कावीळ होते हे मला पटणं शक्यच नव्हतं आणि मी ते तोंडावर सांगितलं.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "तुझ्या कंप्युटरला व्हायरस होतो तो कुठल्या डासानं?"

तरी खरं सांगतो, रविवारी दुपारी त्या घरात शिरलं की माझं इंजिनियरपण हळूहळू पातळ व्हायचं. खिडकीच्या गजांतून ऊन यायचं. कट्ट्यावर नुकत्या रंगवलेल्या बाहुल्या वाळत असायच्या. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे असल्यामुळे सगळ्यांचे चेहरे कोरे. सोनचाफ्याचा आणि ओल्या रंगाचा वास एकमेकांत मिसळायचा. "राधे, नीट बैस. मारुतीराया, शेपूट आवर," अशी अक्कांची पुटपुट ऐकत मी झोपाळ्यावर पेंगायचो. एकदा स्वप्नात मीही त्या रांगेत वाळत पडलो होतो, अक्का कधी डोळे काढतायत याची वाट बघत. उठावंसंच वाटलं नव्हतं.

गेल्या श्रावणात एका सकाळी अक्कांच्या हातातून कॉफीचा पेला गळला. उजवा हात खांद्यापासून लुळा. दवाखान्यातून आल्या त्या रबरी चेंडू घेऊन. तो दाबत राहायचा, हात वळला तर वळेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

जयनगरहून भाचा मोहन आला. "आत्ते, बास आता. सामान बांध. घराला कुलूप लावू, बाहुल्या ज्याच्या त्याला परत देऊ."

"मोडक्या मानेची माणसं परत देऊ? अय्यो!"

"आत्ते, तुझा स्वतःचा हात..."

"दसऱ्यापर्यंत थांब. तोवर ह्या हातानं एक तरी डोळा काढला नाही, तर तू म्हणशील तिथं येते. मग हे सगळं बंद."

शब्द दिला आणि चेंडू कपाटावर टाकला. "तो दाबला काय, न दाबला काय, त्याला काय फरक? इथं द्रौपदी ताटकळलीय."

उजव्या हाताला कामं लागली. सुरुवातीला तो नुसता बाहुलीवर वजनासारखा ठेवायचा. मग बोटांनी चिंधी धरायला लागला. मग माती मळायला. डोळे मात्र डाव्याच हातानं काढायला लागत होते, त्यामुळे त्या वर्षी आमच्या गल्लीतले यच्चयावत देव दचकलेले दिसत होते, जणू न सांगता पाहुणे आलेत.

समोरच्या पद्मक्का बाहुली घेऊन आल्या. "माझी लक्ष्मी घाबरलीय की हो!"

"मग तू घरात स्वल्प हळू बोल."

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी सगळे पेशंट आपापल्या घरी गेले. मी अक्कांच्या घरच्या फळ्या लावून द्यायला माझ्या वरच्या खोलीतून खाली उतरलो. इकडं लग्नात मुलीला माहेरून लाकडाची राजा-राणी देतात. ती जोडी सगळ्यात वरच्या फळीवर बसते. अक्कांनी पेटीतून नुसती राणी काढली.

"राजा कुठाय?"

"ह्यांच्याबरोबर पाठवला." अक्का राणीवरची धूळ फुंकत होत्या. "हे गेले तेव्हा पदराआड नेला आणि तिरडीवर त्यांच्या उशाशी ठेवला. कुणाला बोलले नाही. ह्यांना एकटं कुठं जायची सवय नव्हती रे. मल्लेश्वरमात वाट चुकायचे."



राणीचे डोळे झिजून पुसट झाले होते. अक्कांनी कुंचला उजव्या हातात घेतला. डाव्यानं त्यांनी मनगट धरलं, मग सोडलं. बाहेर रिक्षा गेली, कुणाच्या तरी घरी घंटा वाजली. कुंचला टेकला, वळला, उचलला गेला.

"स्वल्प मोठा झाला," अक्का म्हणाल्या. मग दुसरा काढला. तो नीट आला.

"मोहनला फोन करू?"

"उद्या कर. जेवायलाच बोलाव."

मी राणीला वरच्या फळीवर बरोबर मधोमध ठेवलं. अक्का स्टुलावर चढल्या, तिला हलकेच डावीकडं सरकवलं आणि उजवीकडची रिकामी जागा पदरानं पुसून घेतली.