ठिपके नसलेला चतुर

खोटं वाटेल तुम्हाला, पण आमच्या सासरच्या गोतावळ्यात गेल्या सहा वर्षांत माझ्या बोटाखालून गेल्याशिवाय एकही लग्न ठरलेलं नाही! मुलीचा फोटो मुलाकडे जायच्या आधी माझ्याकडे येतो. मी तो मोबाइलवर मोठा करते, मुरुमावर बोट टेकवते, की मुरूम गायब! चष्म्याचे वळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं साफ. एका नवऱ्या मुलाचा तर मी ओठावरचा तीळ काढला होता. लग्नाच्या मांडवात त्याची आई माझ्यावर धावून आली. "तो आमच्या घराण्याचा तीळ होता हो!" आता घराण्याचा तीळ आणि साधा डाग यांतला फरक मला फोटोवरून कसा कळणार?

मी मूळची सांगलीची विद्या. एकतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन चेन्नईला, नुंगंबाक्कमला आले. सासरचे लोक तंजावरी मराठी. सासूबाईंना 'विद्या' फारच तोकडं वाटलं, म्हणून त्यांनी पुढे लक्ष्मी जोडली. शाळेत हिंदी शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हापासून हात शिवशिवत होते. अशात आमच्या जननीनं, म्हणजे मुलीनं, वाढदिवसाला एक भिंग आणून दिलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखं लावायचं.

"अम्मा, यातून मुंगीचे केससुद्धा दिसतात!"

"मुंगीला केस असतात?"

"म्हणून तर भिंग दिलं!"

झालं! मी जाहीर केलं की महिन्याभरात आमच्या पार्कातल्या तळ्याचे असे फोटो काढीन, की बघणाऱ्याचे डोळे दिपतील! माझे यजमान गिरिधर पेपरमागून "सरी" एवढंच म्हणाले. सरी म्हणजे बरं. एकतीस वर्षांत माझ्या प्रत्येक बेताला त्यांनी एवढंच उत्तर दिलंय.

तळं कसलं, आपल्या दिवाणखान्याएवढं डबकं. त्यात कमळं, काठाला बेडूक, वर चतुर आणि टाचण्या, म्हणजे चतुराच्याच सडपातळ बहिणी. पण त्या भिंगाची एक अट होती: जे टिपायचं त्याच्या वीतभर जवळ जायचं! बेडूक तर पक्का बेरकी. मी बटण दाबेपर्यंत बुद्धासारखा बसायचा आणि दाबलं रे दाबलं की उडी! बेडूक नुकताच जिथे बसला होता, अशा जागांचे माझ्याकडे सत्तावीस फोटो आहेत. शेवटी मी काठावर सरळ पालथी पडले. तर फिरायला येणाऱ्यांना वाटलं, बाईंना चक्कर आली! आमच्या 'मॉर्निंग वॉक' ग्रुपचे मुख्य मुरली धावत आले आणि त्यांनी बाटलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. बेडूक तेवढ्यासाठी मात्र जागचा हलला नाही!

चौथ्या दिवशी एक लाल चतुर कळीवर येऊन बसला. उडाला, परत तिथेच बसला. मी श्वास रोखून बटण दाबलं आणि काय सांगू! एकेक नस दिसत होती पंखांची. कुंकवासारखा लालभडक! घरी येऊन मी फोटो मोठा केला, तर चारही पंखांवर टोकाजवळ एकेक काळा ठिपका. घाण! भिंग पुसायचं राहिलं असणार. मी एकेका ठिपक्यावर बोट टेकवलं. टप, टप, टप, टप. पंख कसे धुतल्यासारखे झाले! मोबाइल भरत आला होता म्हणून मूळ फोटो पुसून टाकला आणि हा नवा ग्रुपवर धाडला. मुरलींनी तो माझं नाव, नंबर आणि पार्काचा पत्ता टाकून आणखी चार ग्रुपवर पाठवला.

संध्याकाळी फोन वाजला.

"मी चंद्रमौळी राव बोलतों. प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. तो फोटो तुम्हींच काढिला?"

असं पोथीतल्यासारखं मराठी फक्त जुने तंजावरी लोकच बोलतात. मी पदर सावरला. हो, फोनवरसुद्धा!

"हो, मीच!"

"त्याच्या पंखांवर ठिपके नाहींत."

आता आपल्या कामाची कोणी इतक्या बारकाईनं दाद दिल्यावर माणूस काय करणार? "नाहीतच!" मी म्हटलं. "कितीही मोठा करून बघा, एक सापडायचा नाही!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उद्यां सकाळीं सातला मी येतों," ते म्हणाले.

सकाळी गेटपाशी रिक्षा थांबली. त्यातून आधी घडीचं स्टूल आलं, मग छत्री, मग दुर्बीण आणि सगळ्यात शेवटी सत्त्याहत्तर वर्षांचे, काडीसारखे चंद्रमौळी सर! तळ्याकाठी स्टूल मांडून त्यांनी मला समजावलं. चतुराच्या प्रत्येक पंखाला टोकाजवळ एक ठिपका असतोच. तो नुसता रंग नसतो, त्याला वजन असतं. त्या वजनानं पंख हवेत थरथरत नाही, चतुर सरळ तरंगतो.

"एकेचाळीस वर्षें मी चतुर पाहिले. बिनठिपक्याचा एक पाहिला नाहीं, कोठें वाचला नाहीं. आणि तो तुम्हांला दिसला!"

म्हणजे मी घाण नाही, त्या बिचाऱ्या जीवाचा तोल पुसला होता!

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. अगदी ओठावर आलं होतं. पण सर तळ्याकडे बघत म्हणाले, "धनलक्ष्मी गेली त्याला तीन वर्षें झालीं. माझी पत्नी. किडे पकडायचें जाळें तीच धरायची. तिच्यामागें मी घराबाहेर पडलों नव्हतों. आज पडलों."

आता सांगा, अशा वेळी 'सर, मी बोटानं पुसले' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? म्हटलं, उद्या सांगू.

उद्या सर खिशात लिमलेटच्या गोळ्या घेऊन आले, माझ्यासाठी. परवा मी थर्मासमधून कॉफी नेली. सर वहीत प्रत्येक चतुराची नोंद करायचे: वेळ, रंग, आणि पुढे 'ठिपके आहेत'. ऊन आल्याशिवाय चतुर हलत नाहीत, म्हणून तोवर आम्ही गप्पा मारायचो. सरांचा मुलगा परदेशी, सुनेला मराठी येत नाही, नातवाशी इंग्रजी. "ही गेल्यावर घरांत मराठी बोलायला कोणी उरलें नाहीं," ते एकदा म्हणाले. "कधीं कधीं आरशापुढें बोलतों. पण तो मेला उत्तरें देत नाहीं!" आणि स्वतःच खुदकन हसले. तिसऱ्या दिवशी मी 'अहो'ची 'अगो' झाले.

घरी मी गिरिधरना म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना!"

"ठिपके मीं काढले?" ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर.

मग मी एक शक्कल लढवली. फोटोत ठिपके परत रंगवायचे आणि 'सर, पहिला फोटो चुकून गेला' म्हणायचं! पुसायला दोन सेकंद लागले होते, काढायला अख्खी दुपार गेली. एक ठिपका केवढाच्या केवढा झाला, दुसरा पंखाबाहेर गेला. यजमानांनी चष्म्यातून निरखून पाहिलं. "याला दृष्ट लागूं नये म्हणून तीट लावलीस कीं काय?" तो फोटोही मी पुसून टाकला.

शुक्रवारी कडेलोट झाला. सर आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. "माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना कळवलें! सात जण येताहेत. रविवारीं सकाळीं. रंजनी तर मदुरैहून येते, आतां मोठी प्राध्यापिका आहे ती. म्हणाली, सर, तुम्हीं बोलावल्यावर न येऊन कसें?" हे कमी होतं म्हणून की काय, मुरलींनी पार्काच्या गेटवर सहा फुटी फ्लेक्स लावला! मध्ये माझा चतुर, घारीएवढा, पंख लख्ख धुतलेले. कोपऱ्यात हात जोडलेली मी. एखादी निवडणूक जिंकल्यासारखी!

शनिवारी सकाळी एक लाल चतुर उडत उडत आला आणि थेट सरांच्या गुडघ्यावर बसला. सरांनी श्वास रोखला. हळूच भिंग धरलं. बराच वेळ पाहिलं. मग वही उघडली.

"यालाही आहेत," ते हळूच म्हणाले. "असो. उद्यां सांपडेल."

माझ्यानं राहवेना.

"सर, तो नाहीये. मी काढले."

"काय काढिलें?"

"ठिपके. बोटानं. मला वाटलं घाण आहे."

चतुर उडून गेला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किती वेळ लागला?"

"एकेकाला... अर्धा सेकंद."

मी ओतलेली कॉफी तशीच होती. सरांनी स्टुलाची घडी केली, छत्री काखेत घेतली आणि गेटाकडे चालू लागले. दुर्बीण विसरले होते. मी मागे धावून ती त्यांच्या गळ्यात घातली, तर त्यांनी नुसती मान हलवली. रागावले असते, चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं हो! दिवसभर मी फोन केले. उचलले नाहीत. आमच्याकडे त्या दिवशी सांबारात मीठ नव्हतं आणि गिरिधर ते न बोलता जेवले, यावरून घरातली परिस्थिती ओळखा.

रविवारी सातला मी गेटवर हजर झाले. सर येणार नाहीत हे धरूनच. निदान त्या सात जणांना खरं सांगावं, सरांच्या नावाला बट्टा लागू नये, एवढंच मनात होतं. सातही जण आले. मी माझ्याच फ्लेक्सखाली उभी राहिले आणि तमिळमध्ये बोलायला लागले. एरवी माझी तमिळ झकास आहे! पण घाबरले की ती मला सोडून जाते. तमिळमध्ये ठिपक्याला म्हणतात पुळ्ळि आणि मुलाला म्हणतात पिळ्ळै. एवढासा फरक! मी खणखणीत आवाजात, डोळ्यांत पाणी आणून कबूल केलं, की ती चारही मुलं मीच माझ्या या बोटानं नाहीशी केली आणि याचा दोष चंद्रमौळी सरांना देऊ नका!

रंजनीबाई दोन पावलं मागे सरकल्या. वॉचमननं मुरलींना हाक मारली. एकानं तर पोलिसांना लावायला फोन बाहेर काढला!

"पुळ्ळि, अगो, पुळ्ळि! पिळ्ळै नव्हे!"

मागे रिक्षातून सर उतरत होते, आणि हसत होते. असे हसत होते, की रिक्षावाल्याला त्यांना धरावं लागलं. मग त्यांनी विद्यार्थ्यांना सगळं सांगितलं आणि तेही हसायला लागले. मी मात्र फ्लेक्सवरच्यासारखीच हात जोडून उभी!

"सर, तुम्ही काल रागावलात ना?"

"रागावलों. पण तुझ्यावर नाहीं." ते माझ्याशी मराठीत बोलू लागले. "या पोरांना जन्मभर शिकवलें, आधीं किडा पहा, मग फोटो. आणि मीच एक फोटो पाहून धांवलों! लाज वाटली, म्हणून फोन घेतला नाहीं." मग म्हणाले, "पण धांवावेंसें वाटलें, अगो. पुष्कळ दिवसांत वाटलें नव्हतें."

त्या दिवशी तळ्याकाठी वर्ग भरला. सात पन्नाशीतले विद्यार्थी गवतात मांडी घालून बसले. सर स्टुलावर, हातात काडी. पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या दाखवल्या, बेडकाची अंडी दाखवली. रंजनीबाईंना एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर सरांनी त्यांना मदुरैची प्राध्यापिका असूनसुद्धा उभं केलं! दुपारी रंजनीबाईंची एग्मोर स्टेशनवरून मदुरैची गाडी होती, तरी कोणी उठेना.

सोमवारी मी गेले नाही. बघायला आता होतंच काय? जे नव्हतं ते नव्हतंच. सव्वासातला फोन आला.

"कोठें आहेस?"

"घरी, सर. बिनठिपक्याचा चतुर तर नाहीच ना..."

"ठिपक्यांचे आहेत कीं! ऊन आलें. ये लवकर!"

मी अशी धावले, की पार्कात पोचल्यावर कळलं, एका पायात माझी चप्पल आहे आणि दुसऱ्यात गिरिधरांची. सरांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "माझा हात आतां कांपतो. मी पाहतों, तूं लिही. आणि तुला दिसलें तर तूं सांग."

माझी छाती अभिमानानं फुगली. आता मी नुसती फोटोवाली नव्हते, संशोधक होते! डोळ्यांत तेल घालून मी तळं न्याहाळू लागले आणि पाचच मिनिटांत...

"सर! निळा! तिकडे, पलीकडच्या पानावर! कसा चमकतोय बघा!"

सरांनी दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं. मी पेन सरसावून बसले.

"लिही," ते म्हणाले. "चॉकलेटचा कागद. एक."

काय करणार? लिहिलं. पण शिस्त म्हणजे शिस्त! मी खालमानेनं विचारलं, "आणि ठिपके?"

सरांनी पुन्हा दुर्बीण लावली, नीट नेम धरून पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "नाहींत!"