किसनरावांच्या रुईची गादी

नाचणगावच्या बंडूजींचं एकच म्हणणं, की जगात टाकून द्यावी अशी वस्तूच नाही. ते जुन्या गाद्या आणत, रुई मशीनवर पुन्हा पिंजत आणि नवी गादी भरत. वर तिच्या कोपऱ्यात एक कापडी पट्टी शिवत. रुई कुठली, कितीदा पिंजली, आधी कोण झोपलं, सगळं त्या पट्टीवर!

"कोण वारलं तेही लिहायची काय गरज आहे जी?" बायको रुख्मिणी कुरकुरायची.

"लपवून विकू काय?" बंडूजी छाती फुगवत.

तर सेवाग्रामजवळच्या एका वसतिगृहाच्या वॉर्डन विमलाबाई नमुना पाहायला आल्या. चाळीस गाद्यांचं काम होतं. ते हुकलं तर मशीन विकावी लागणार होती, आणि शिलाईवरच्या आठ बाया घरी बसणार होत्या.

भरदुपार. लाइन गेलेली, मशीन बंद. टिनाच्या शेडमध्ये सगळं चिडीचूप.

"बारा वर्षं झाली, मले झोप नाई," असं म्हणत विमलाबाई गादीवर आडव्या झाल्या आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागल्या.

आधी उताण्या होत्या. मग हळूच डाव्या कुशीवर वळल्या, गुडघे पोटाशी घेतले, तळहात गालाखाली ठेवला. कोपऱ्यात शिवत बसलेल्या कौशल्याबाईंची सुई थांबली.

"हे असेच झोपत," त्या पुटपुटल्या.

हे म्हणजे त्यांचे वारलेले नवरे, किसनराव. तेरवीला त्यांचं अंथरूण दान द्यायचं होतं, ते बंडूजींनीच आणून त्याच्या रुईची ही गादी भरली होती. बाया एकमेकींना खेटून बसल्या. घोरणंही तसंच, दोन लांब आणि तिसऱ्याला शिट्टी. तेवढ्यात विमलाबाई झोपेतच जड आवाजात बोलल्या, "कौशल्या, चा ठेव."

त्यांना कोणी नाव सांगितलंच नव्हतं.

"ठेवते जी," कौशल्याबाई सवयीनं उठल्या आणि मटकन खाली बसल्या.

जाग आली तेव्हा विमलाबाई वेगळ्याच दिसत होत्या, टवटवीत. त्यांनी पट्टी उलटून मोठ्यानं वाचली. "रुई आष्टीची. दोनदा पिंजली. तेवीस वर्षं किसनराव. याच रुईवर झोपेत वारले."

गेलं काम, बंडूजी मनात म्हणाले.

विमलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी गादीवरून हात फिरवला. "पण झोप आली," त्या म्हणाल्या. "पोरींचीही झोप उडाली आहे परीक्षेपायी. चाळीसही अशाच पायजेत. सुखानं झोपणाऱ्या माणसाच्याच रुईच्या."

बंडूजी आनंदानं हो म्हणायला गेले आणि थबकले. किसनराव तर एकच होते.

संध्याकाळी ते शेजारच्या वासुदेवरावांकडे गेले. वय वर्षं ऐंशी, ओसरीवर बाजेवर लोळत पडलेले.

"काकाजी, झोप कशी लागते तुमाले?"

"फस्कलास," काकाजी खुश झाले. त्यांची विचारपूस करतो कोण?

बंडूजींनी गादी दाबून पाहिली. "रुई चांगली आहे जी. तब्येत कशी आहे?"

वासुदेवराव ताडकन उठून बसले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गादी लेकीकडे आर्वीला पाठवली. आता ते सतरंजीवर झोपतात, आणि बंडूजी रस्त्यानं येताना दिसले की दोन-चार उठाबशा काढून दाखवतात.