घत्तासची गाडी वळत नाही

"यंदाच्या थंडीत माझी गाडी ताडपत्रीखाली जाणार नाही!" घत्तासने नोव्हेंबरच्या पहिल्याच रविवारी, चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता, अख्ख्या ऐन अल-लौज गावाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. गावात घरं अडतीस. त्यामुळे फार ओरडावं लागलं नाही.

गाडी म्हणाल तर लाल, दोन दारांची, दोनच माणसांची आणि सव्वीस वर्षांची. इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांना. उन्हाळ्यात ती बैरूतकडे उतरायला लागली की वाटेतल्या कोंबड्यासुद्धा आदराने बाजूला व्हायच्या. पण पहिला बर्फ पडला की बाईसाहेब ताडपत्रीखाली शिरायच्या त्या थेट ईस्टरलाच बाहेर यायच्या. पाच महिने घत्तास शाळेत पायी जायचा, आणि त्याचा मेहुणा तन्नूस आपल्या चारही चाकांना जोर असलेल्या धटिंगण गाडीची काच खाली करून विचारायचा, "काय दाजी, धाकटी बायको माहेरी गेली वाटतं?"

हे अठरा वर्षं चाललं होतं. माणूस किती सहन करणार?

शिवाय घत्तास शाळेत भूगोल शिकवायचा. चढ, उतार, हिम, घर्षण हे सगळं त्याच्या घरचंच! त्याने एक शंभर पानी वही घेतली, पहिल्या पानावर लिहिलं, 'हिवाळी मोहीम: कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त पकड', त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि महिनाभर इंटरनेटवर परदेशी लोकांची भांडणं वाचली. कोण म्हणे स्प्रिंगा बदला, कोण म्हणे शॉकअब्सॉर्बर बदला, एक जण म्हणाला गाडी बदला. घत्तासने या सगळ्यांवर फुली मारली. शेवटी वहीत दोनच कलमं उरली: बर्फाचे टायर, आणि मागच्या चाकांवर वजन.

टायरसाठी तो खाली बेद्रोस मेकॅनिककडे गेला. बेद्रोस या दोघांना, म्हणजे घत्तासला आणि गाडीला, पहिल्यापासून ओळखत होता.

"जुने पण बरे टायर आहेत. चार घे," बेद्रोस म्हणाला.

"दोन पुरे."

"चार घे, घत्तास."

"अरे, जोर कुठल्या चाकांना? मागच्या! पुढची नुसती गरगर फिरतात. त्यांना कशाला हवेत बर्फाचे टायर? मिरवायला?"

"पुढची नुसती फिरत नाहीत. कुठे जायचं ते ठरवतात."

"ते मी ठरवतो!" घत्तास म्हणाला आणि दोन टायर घेऊन आला.

यंदा पहिला बर्फ उशिरा, जानेवारीअखेर पडला, आणि वजनाचा प्रश्न तर त्याने फुकटात सोडवला. बायको विदाद हिने हिवाळ्यासाठी भरून ठेवलेल्या कोठीत दलियाची तीन पोती होती. वाळूपेक्षा स्वच्छ, दगडापेक्षा मऊ, आणि विकत आणायला नकोत! विदाद बहिणीकडे गेलेली पाहून त्याने ती एकेक करून उचलली आणि डिकीत रचली. गाडीचं बूड खाली बसलं, नाक वर आलं. परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखी ती आभाळाकडे बघायला लागली.

मग चाचणी. चर्चमागच्या सरळसोट चढावर त्याने गाडी घातली, आणि काय सांगावं! बोकडासारखी चढली! वर जाऊन त्याने ती तशीच उलटी खाली आणली, पुन्हा चढवली. सात वेळा. सातही वेळा नाकासमोर. त्याने वहीत लिहिलं: 'यशस्वी.'

आणि नेमकं फेब्रुवारीत नदाचं ठरायची वेळ आली. नदा ही घत्तासची एकुलती एक मुलगी. बत्रून गावच्या जादचं आणि तिचं दोन वर्षांपासून जमलेलं होतं. आता जादचे आईवडील रीतसर मागणी घालायला रविवारी दुपारी येणार होते. शनिवारी गुडघाभर बर्फ पडला.

"बाबा, त्यांची गाडी खालच्या चौकापर्यंतच येईल," नदा म्हणाली. "तन्नूसमामा सगळ्यांना वर आणेल. तुम्ही मध्ये पडू नका. प्लीज!"

"मुलीच्या सासऱ्याला मेहुण्याच्या गाडीतून आणू? मी जिवंत असताना?"

"बाबा, आपल्या गाडीत एकच माणूस बसतो!"

"तो एक मी आणतो. उरलेले तन्नूस आणेल."

खालच्या चौकात पाहुणे उभेच होते. जाद, त्याची आई नजला, आणि वडील लबीब: काळा कोट, चापूनचोपून बांधलेला टाय, हातात मिठाईचा डबा, चेहऱ्यावर शांतपणा. हा माणूस फार बोलणारा नव्हता. घत्तासने अदबीने दार उघडलं. लबीब वाकले, आणखी वाकले, आणि घड्याळात किल्ली जावी तसे हळूहळू आत गेले.

"दाजी, माझ्या मागे मागे या हां, चाकोरीतून!" तन्नूस ओरडला आणि जाद-नजलाला घेऊन निघाला.

मागे मागे? पहिल्याच सरळ चढावर घत्तासने त्याला गाठलं, दुसऱ्या चढावर मागे टाकलं! तन्नूसचं तोंड काचेमागे उघडं पडलेलं त्याने डोळे भरून पाहिलं. अठरा वर्षं एका क्षणात वसूल!

"पाहिलंत? थोडक्या खर्चात केलंय सगळं," तो लबीबना म्हणाला. "डोकं लागतं, बाकी काही नाही."

"हं," लबीब म्हणाले. त्यांची नजर स्टिअरिंगवर होती.

चर्चपाशी रस्ता फुटतो. उजवीकडे वळलं की घत्तासचं घर. सरळ गेलं की नखलेचं फाटक.

हा नखले म्हणजे घत्तासचा थोरला चुलतभाऊ. बांधावरच्या एका अक्रोडाच्या झाडावरून दोघांचं असं वाजलं होतं की नऊ वर्षं शब्द नाही, सणाच्या शुभेच्छा तर सोडाच. काकांच्या मयतीत दोघे शवपेटीच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे पाठ करून उभे होते. नखलेचं फाटक दिसू नये म्हणून घत्तास चर्चला मागच्या वाटेने जायचा.

घत्तासने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

गाडी सरळ गेली.

त्याने आणखी फिरवलं. पुढची चाकं बिचारी आज्ञेत होती, आडवी होऊन बसली होती. पण मागून दलियाची तीन पोती आणि दोन नवे-जुने टायर त्यांना असे रेटत होते, जसं लग्नाच्या वऱ्हाडाने लाजऱ्या नवऱ्याला पुढे ढकलावं! त्याने ब्रेक दाबला. गाडीने तो अर्ज वाचून बाजूला ठेवला. त्याने सेंट चार्बेलचा धावा केला. फाटक उघडंच होतं. आत फावडं घेऊन बर्फ उपसणारा नखले वर बघतो तो काय, एक लाल गाडी, नाक वर करून, माणूस चालतो त्या वेगाने, अगदी शांतपणे त्याच्या अंगणात येतेय!

ती बर्फाच्या ढिगात रुतली आणि थांबली. धक्क्याने डिकी उघडली.

नखलेने फावडं उचललं. "तू?" तो म्हणाला. "माझ्या अंगणात? तू?"

घत्तासने तोंड उघडलं. चूक झाली म्हणावं, तर मोहिमेची नाचक्की. मुद्दाम आलो म्हणावं, तर नऊ वर्षांचं नाक कापलं जाणार. त्याच्या तोंडून फक्त वाफ बाहेर पडली.

तेवढ्यात लबीब गाडीतून बाहेर निघाले. टाय नीट केला, बर्फ तुडवत पुढे गेले, आणि फावड्यासकट नखलेचा हात हातात घेतला.

"घराण्यातले थोरले आपणच ना? मी बत्रूनचा लबीब. मुलीचं मागणं आधी थोरल्यांच्या दारात घालायचं, हा जुना रिवाज. हल्ली कोण पाळतो? पण घत्तासभाऊंनी मला घरी न नेता थेट इथेच आणलं."

फावडं हळूहळू खाली आलं.

"थेट... इथे?" नखलेने घत्तासकडे पाहिलं.

"थेट," घत्तास म्हणाला. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"अगं, बाहेर ये!" नखले घराकडे बघून ओरडला, आवाज घोगरा झाला होता. त्याची बायको बाहेर आली, तिने उघडी डिकी पाहिली आणि छातीला हात लावला. "अगंबाई! आणि रिकाम्या हाताने नाही आले हो! तीन पोती दलिया आणलाय!"

पुढचं सगळं घत्तासने पाण्याखालून पाहावं तसं पाहिलं. पोती घरात गेली. कॉफी आली. लबीबनी पेला न पिता खाली ठेवला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "माझं मागणं मान्य झाल्याशिवाय ओठाला लावणार नाही. तुमची नदा आमच्या जादला द्या."

"दिली!" नखले गरजला आणि डोळे पुसले. म्हणजे घत्तासची मुलगी घत्तासच्या देखत, नऊ वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नव्हतं त्याने देऊनही टाकली होती! बापाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

खिशातला फोन वाजला. विदाद.

"अहो, पाहुणे दारात आलेत नि मी दलिया-मटणाचे कुब्बे थापायला बसलेय! कोठीत दलिया नाही! तीनही पोती गायब! आणि तुम्ही कुठे आहात? सासरेबुवा कुठे आहेत?"

"दलियाबरोबरच आहोत आम्ही," घत्तास कुजबुजला. "नखलेकडे."

विदादने फोन आपटला.

दहा मिनिटांनी विदाद आली, उंच टाचांच्या बुटांत, बर्फातून, कापलेल्या कांद्याचं ताट हातात घेऊन. मागे रडवेली नदा, जाद, नजला, आणि सर्वात मागे तन्नूस, ज्याचे ओठ कानापर्यंत गेले होते.

"दाजी, वळायचं राहिलं वाटतं?"

पण नखले मध्ये पडला. "तू गप रे! तुझ्या गाडीला चार चाकांचा जोर असेल, पण एवढं मन आहे का? नऊ वर्षांत मला जे सुचलं नाही ते या मास्तरने करून दाखवलं!" त्याने घत्तासला असं मिठीत घेतलं की बरगड्या वाजल्या. नदाचा चेहरा उजळला. विदादने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, डिकीकडे एकदा पाहिलं, सगळं समजली, आणि काही न बोलता नखलेच्या बायकोशेजारी कुब्बे थापायला बसली. त्या न बोलण्याचे हप्ते नंतर बरेच दिवस चालले, पण ते वेगळं.

जेवणं झाली. अराकचे, म्हणजे बडीशेपेच्या दारूचे, पेले फिरले. घत्तासलाही आता वाटायला लागलं होतं की आपण हे मनात ठरवूनच केलं. "गेल्या नोव्हेंबरपासून डोक्यात होतं," तो नखलेला सांगत होता. "पण म्हटलं, वेळ यायला हवी."

निघताना लबीबनी त्याला हळूच दाराआड घेतलं.

"घत्तासभाऊ, मी एकतीस वर्षं डोंगरात बस चालवली. तुमचं स्टिअरिंग पार उजवीकडे होतं."

"म्हणजे... ते थोरल्यांचं दार, जुना रिवाज..."

"तुमचं अक्रोडाचं भांडण नदाने आम्हाला कधीच सांगितलंय, आणि समोर फावडं उगारलेला माणूस होता हो! काहीतरी बोलायलाच हवं होतं." लबीबनी कोटाची बटणं लावली. "मी कुणाला सांगणार नाही. फक्त लग्न जुलैत करू. चांगलं कडक ऊन असताना."

"करू की!" घत्तासचा जीव भांड्यात पडला. "जुलैत तर काय, रस्ता कोरडा ठणठणीत! नदाला चर्चला मीच या गाडीतून—"

"नको," लबीब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तिला आपण चालत नेऊ."