आधी चहा, मग दोर

तुमची गाडी वाळूत रुतली आणि मागून मेजर साळवी आल्या, तर त्या सगळ्यात आधी तुमच्यापुढे तळहात पसरतात. चावीसाठी. चावी स्वेटरच्या खिशात टाकतात, आपल्या जीपची मागची फळी उघडून तिच्यावर थर्मास ठेवतात आणि तुम्हाला चहा देतात. गाडी आणखी खाली चालली असली तरी चहा. तुम्ही आरडाओरडा करत असलात तर दोन कप.

"रुतलेला ड्रायव्हर आणि भुलीतून उठणारा पेशंट, दोघांनाही सुरुवातीला काही करू द्यायचं नसतं," असं बाईंचं मत. "दोघंही नेमकी नको ती नळी उपसतात."

बाई सैन्याच्या नर्सिंग सेवेतून मेजर म्हणून निवृत्त झाल्या. मूळच्या चिपळूणच्या. लग्न केलं नाही. शेवटची नेमणूक इकडच्या छावणीत होती, ती संपल्यावर हरियाणातल्या पंचकुल्यात तळमजल्याचं छोटं घर घेऊन राहिल्या. वय सत्तरीला टेकलंय. उंची इतकी बेताची की उशी घेतल्याशिवाय रस्ता दिसत नाही, आणि समोरून पाहणाऱ्याला जीप आपली आपणच चालल्यासारखी वाटते. जीप लष्कराच्या लिलावातली. रंग उडालेला, टप फाटका, पण पुढे लावलेलं दोर ओढायचं यंत्र, म्हणजे विंच, असं लखलखतं की त्यात बघून भांग पाडावा.

हे सगळं मी कौतुकाने सांगतोय, असा तुमचा समज होण्याआधी स्पष्ट करतो. या बाईंनी माझं नुकसान केलेलं आहे आणि ते मी विसरलेलो नाही.

मी विट्याकडचा. आमच्याकडची पोरं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर जातात, तसा मीही मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर उत्तरेत आलो. अॅसिडच्या वाफेने डोळे चुरचुरायला लागले तसा चुलत्याशी भांडलो आणि मणिमाजऱ्याच्या मोटर मार्केटात एका सरदारजींचं दुकान झाडायला लागलो. आज त्याच ओळीत माझं स्वतःचं दुकान आहे. डोंगरात, नदीत गाड्या घालणाऱ्या शौकिनांना लागणारं सामान: उंच टायर, लोखंडी बंपर, टपावरच्या दिव्यांच्या पट्ट्या. शिंदे म्हणजे पंजाबी पोरांचं शिंदा हे नावच, अशी इथल्यांची खात्री. त्यामुळे मी शिंदा पाजी. धंद्याला बरं पडतं, म्हणून मीही खोडत नाही. भाव करण्यात मला अख्ख्या मार्केटात कोणी हरवत नाही.

बाई भाव करत नाहीत. त्या बसतात. किंमत ऐकतात, मान हलवतात, स्टूल ओढून घेतात, थर्मास काढतात आणि रस्त्याकडे बघत बसून राहतात. मी म्हणतो, "मॅडम, याच्या खाली परवडत नाही." त्या म्हणतात, "मी काही म्हटलं का?" गिऱ्हाइकं येतात, जातात. बाई आहेतच. शेवटी माझंच डोकं फिरतं आणि मीच ओरडून किंमत कमी करतो.

तेही कधीमधी. कारण माझ्या दुकानातल्या नव्वद टक्के मालाकडे त्या एकच प्रश्न घेऊन बघतात. "याने कोणाला ओढता येतं का?"

दिव्यांची पट्टी दाखवली. "याने कोणाला ओढता येतं का?" चामड्याच्या सीटा दाखवल्या. तोच प्रश्न. पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून लावतात ती उंच नळी दाखवली, तर म्हणाल्या, "छान आहे. पण ओढता नाही ना येत कोणाला?" माझ्या मेहुण्याला परदेशी नोकरी लागली, तेव्हा पेढे हातात घेऊनही त्यांनी जवळपास हेच विचारलं होतं.

आता नुकसानीचं. आमचा इथे गाडीवाल्यांचा एक क्लब आहे. प्रमुख हॅपी गिल, प्रॉपर्टीचं काम करतो, आवाज लाउडस्पीकरसारखा. रविवारी सगळे मिळून मोरनीच्या डोंगराकडे किंवा एखाद्या चोमध्ये गाड्या घालतात. चो म्हणजे शिवालिकातून उतरणाऱ्या ओढ्याचं रुंद, वाळूचं पात्र, पावसाळा सोडला तर बहुतेक कोरडं. मी नवी गाडी घेतली होती. दुकानातला जेवढा माल तिच्यावर बसेल तेवढा बसवला होता. नवीन गिऱ्हाइकं मागून गाड्या घेऊन येत होती. गाडी कसली, चालती जाहिरातच होती ती.

आणि चोच्या मधोमध ती बसली. मी रेस दिली. ती आणखी बसली. हॅपी लांबून ओरडतोय, "ओ शिंदा पाजी, रेस ना दियो!" आणि मी जास्तच देतोय.

ताफ्याच्या शेवटून साळवीबाई आल्या. हात पुढे.

"मॅडम, दोर लावा आणि पुढे ओढा," मी म्हटलं.

"चावी."

चहा मला मिळाला तो पिवळ्या बदकाचं चित्र असलेल्या कपात. लहान मुलांचा कप. बाईंच्या सामानात एकसारखे दोन कप नसतात, आणि माझ्या नशिबी बदक. मी ते धरून उभा असताना बाईंनी माझ्या चारी टायरांतली हवा सोडली. टायर भाकरीसारखे पसरले. मग उशी घेऊन माझ्या सीटवर चढल्या, मागचा गिअर टाकला आणि आलेल्या चाकोरीतूनच गाडी अलगद बाहेर काढली. दोर लागलाच नाही. माझा कुठलाच माल लागला नाही.

उतरून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिंदे, दिवे मात्र फार सुंदर हो तुमचे. रुतलेलं अगदी स्वच्छ दिसत होतं."

त्या दिवशीची गिऱ्हाइकं पुन्हा दुकानाची पायरी चढली नाहीत. फुकटात हवा सोडून काम होत असेल तर शिंद्याकडे कोण येतंय? आणि बदकाचा कप धरलेला माझा फोटो क्लबच्या ग्रुपवर आजही आहे.

बाई नेहमी शेवटी असतात. क्लबच्या वाढदिवसाला हॅपीने हात जोडले, "मेजर साब, आज आप सबसे आगे." ऐकलं नाही. मला मराठीत म्हणाल्या, "अहो, माझी सगळी नोकरी ताफ्याच्या शेपटाला गेली. अँब्युलन्स शेवटीच असते. पुढे गेलं की मागे कोण राहिलं ते कळत नाही."

गेल्या हिवाळ्यात त्या यायच्या बंद झाल्या. हॅपीने सांगितलं ते असं: पंचकुल्याच्या एका चौकात सिग्नलला बाईंची जीप उभी होती. हिरवा लागला आणि डावा गुडघा क्लच दाबेना. लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, मागून सगळा हरियाणा हॉर्न वाजवतोय. बाईंनी इंजिन बंद केलं, चावी स्वेटरच्या खिशात टाकली आणि चौकात चहा प्यायल्या. मग एका पोलिसाने जीप ढकलून बाजूला लावली.

"जीप तो अब बिकेगी, पाजी," हॅपी म्हणाला.

मी खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. त्या जीपवर माझा किती वर्षांपासून डोळा होता. मूळ इंजिन, मूळ सांगाडा. दुकानासमोर उभी केली तर लोक बघायला थांबतील. रविवारी किन्नूची, म्हणजे इकडच्या संत्र्यांची, पिशवी घेऊन मी पंचकुल्याला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंचे संवाद म्हणून पाहिले, माझेही आणि बाईंचेही.

जीप पोर्चमध्ये, जुन्या चादरीखाली. दार उघडंच. "आत या, पण बोलू नका," स्वयंपाकघरातून आवाज आला.

बाई बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. समोर भिंतीला टेकवून वजनाचा काटा उभा केलेला, आपण बाथरूममध्ये ठेवतो तसला. त्याच्यावर डावा पाय रोवून त्या सगळा जीव एकवटून दाबत होत्या. कपाळावर घाम. काट्याच्या तबकडीवर नेलपॉलिशने केलेली एक लाल खूण होती. सुई तिच्याकडे सरकली आणि दोन बोटं अलीकडे थरथरत थांबली.

"ती खूण कसली?"

"जीपचा क्लच. हाच काटा पॅडलवर ठेवून उजव्या पायाने मोजलाय." त्यांनी पाय काढला. "महिना झाला रोज दाबतेय. सुई तिथंच येऊन थांबते."

"गुडघा दुखत असेल."

"गुडघा दुखायचाच. माणसं मला काय कमी गुडघे दाखवून गेली? त्याचं काही नाही. ती सुई तेवढी पुढे जायला हवी. गेली नाही तर मी मागे येणार कशी?"

पाठ केलेले संवाद बाजूला ठेवून मी किन्नूची पिशवी पुढे केली. कुठेतरी बघायचं म्हणून वर बघितलं, तर ओट्यावरच्या फळीला हुकच हुक आणि प्रत्येकाला एक कप. गुलाबाचा, निळ्या रेघांचा, सोनेरी काठाचा. मधोमध माझं बदक.

"यांचे जोडीदार कुठे आहेत?" मी विचारलं.

"बदकाचे जोधपूरला. ज्या मुलीचा तो कप, तिचे वडील हवाई दलात. ती आता कॉलेजात असेल. गुलाब बेळगावला. निळ्या रेघा बहुतेक तेजपूरला, मग कळलं नाही." बाई किन्नू सोलू लागल्या. "आपली मराठी माणसं इथे येतात ती दोन-तीन वर्षांच्या बदलीवर. पहिल्या गणपतीत ओळख होते. दुसऱ्या वर्षी जेवायला यायला लागतात. तिसऱ्या वर्षी दारात ट्रक. मी जाते सामान बांधायला. आणि निघताना सेटमधला एक कप मागून घेते."

"आठवण म्हणून."

"माझ्यासाठी नाही हो, त्यांच्यासाठी. नव्या गावात पाहुणे आले की पाचच कप निघतात. मग कोणीतरी विचारतं, सहावा कुठे गेला?" त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. "तेवढ्यापुरती मी आठवते."

माझं तोंड सहसा बंद होत नाही. त्या दिवशी मी अर्धी पिशवी किन्नू खाल्ले.

मग मला राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही, पण आला. "मॅडम, तुम्ही सगळं उलटं करताय!" मी ओरडलो. "पाय खुणेपर्यंत कशाला नेताय? खूण खाली आणा! तुमचा क्लच जुन्या सळ्यांवर चालतो, म्हणून जड. तेलाच्या दाबाचा बसवू. पाय ठेवला की खाली. आणि पॉवर स्टिअरिंगही टाकू. किती वर्षं सांगतोय!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "याने कोणाला ओढता येतं का?"

"येतं. तुम्हाला."

जीप माझ्या दुकानात आली, पण विकत नव्हे. माझ्या मिस्त्रीने जुना क्लच उतरवला, नवा बसवला, तेलाच्या नळ्या दोनदा गळल्या, दोनदा मी त्याला शिव्या घातल्या. बाई स्टुलावर, थर्मास शेजारी. काम झाल्यावर त्यांनी पिशवीतून वजनाचा काटा काढला, पॅडलवर ठेवला आणि दाबला. पॅडल तळाला गेलं तरी सुई लाल खुणेच्या अर्ध्यावरसुद्धा नव्हती. थिनरने त्यांनी जुनी खूण पुसली. किमतीबद्दल मी काही बोलणार नाही. त्या संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या, एवढंच सांगतो.

जीप न्यायच्या दिवशी मी घरून एक कप आणला होता. बायकोच्या चांगल्या सेटमधला, तिला न विचारता. "हा ठेवा तुमच्याकडे."

बाईंनी तो उलटा करून बघितला. "का? बदली झाली तुमची?"

"दुकानदाराची कसली बदली?"

"मग घरी न्या. जाणाऱ्यांचेच घेते मी."

मी चिडलो. चांगला कप होता. तो परत नेऊन कपाटात ठेवला, सेट पुरा राहिला.

थंडी ओसरल्यावर क्लब पुन्हा त्याच चोमध्ये उतरला. बाई शेवटी. गिअर असे बदलत होत्या की जीप तरुण झाल्यासारखी वाटत होती. मी आरशात सारखं बघत होतो. पण एक अडचण झाली. बाईंनी इतकी वर्षं शिकवल्यामुळे आता सगळेच आधी हवा सोडून वाळूत उतरतात. कोणी रुतेना. एक टेकाड गेलं, दोन ओढे गेले, पलीकडे डांबरी सडक दिसायला लागली. थर्मास भरलेलाच असणार.

शेवटच्या वळणावर सगळे उजवीकडून गेले. मी डावीकडे वळवली, भुसभुशीत वाळूत, आणि रेस दिली. चांगली दिली.

"ओ पाजी, फेर ओही कम्म!" म्हणजे पुन्हा तेच, असं हॅपी सडकेवरून ओरडला. बघता बघता सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले.

बाईंची जीप मागे येऊन थांबली. त्या हळूच उतरल्या, गुडघ्याला हात लावून. तळहात पुढे केला. मी चावी दिली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून टायरात अंगठा दाबून बघितला.

"शिंदे, हवा तर तुम्ही आधीच सोडली होती."

"हो."

"वाट उजवीकडून होती."

"दिसली नाही."

"एवढे दिवे असून?"

मी दुसरीकडे बघितलं. बाईंनी अंगठ्याची वाळू झटकली.

"दोर आणू का?"

"काय मॅडम," मी म्हटलं. "आधी चहा."

त्यांनी मागची फळी उघडली आणि कपांच्या पिशवीत हात घालून, न बघता, बदक काढलं.